घासलेला नंबर

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. रविवार, दुपारचे तीन. आमचं गॅरेज. मी एकटाच होतो.

जुन्या गाड्यांचं वेड असलेलं एक गिऱ्हाईक सकाळी एक इंजिन ठेवून गेलं होतं. भंगारबाजारात मिळालेलं. कुठल्या गाडीचं, ते मी ओळखायचं होतं. कोपऱ्यातल्या सिमेंटच्या चौकोनावर मी ते स्टँडला चढवलं.

नंबराची जागा कानशीने घासून सपाट केलेली. प्लग नाहीत, ऑइल नाही, पेट्रोल तर नाहीच.

तरी...

हात ठेवला तर इंजिन कोमट.

उन्हाने तापलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

मग आवाज आला.

टक... टक टक.

गाडी सुरू करण्याआधी बाबा पान्याने असेच तीन ठोके द्यायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी बाबा स्वतःची जुनी गाडी घेऊन आम्हाला टाकून गेले. असं काकाने सांगितलं. मला वाढवलं काकानेच, पाना धरायलाही त्यानेच शिकवलं. बाबांच्या नावाने मी केव्हाच आंघोळ केली होती.

मी इंजिनाचं पुढचं झाकण उघडलं.

आतून चार ठिपके ठोकलेले...

गिऱ्हाइकाच्या इंजिनात बाबा खूण म्हणून एकच ठिपका ठोकायचे. चार फक्त आमच्या गाडीत. आई, ताई, मी आणि ते.

घासलेल्या जागेवर मी बॅटरीचा उजेड धरला. कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला झुकलेले. डावखुऱ्या माणसाचे.

आमच्याकडे डावखुरा एकच.

काका संध्याकाळी आला. दारातच थबकला.

"कुठून आलं हे?"

"नंबर तू घासलास ना, काका?"

"डोकं फिरलंय का तुझं? भंगार आहे ते. देऊन टाक."

"बाबा कुठे आहेत?"

तो नळापाशी जाऊन हात धुऊ लागला. हात स्वच्छच होते.

ज्याला बापाच्या जागी मानलं, त्यानेच केसाने गळा कापला. आणि मी इतकी वर्षं शिव्या घातल्या त्या बाबांना.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक इंजिन घेऊन गेलं. सुटलो, असं वाटलं.

दुपारी तीनला...

टक... टक टक.

त्याच कोपऱ्यातून. खालून.

तिथे पूर्वी गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा होता. बाबा गेले त्याच आठवड्यात काकाने तो सिमेंटने बुजवला.

मी पहार आणून ठेवली आहे. रोज तीन वाजता ठोके येतात.

हात काही उचलत नाही.