सूर्य हलायचा थांबला!

त्याच त्या सूर्याचे दर मिनिटाला फोटो कशाला काढायचे? आणि तेही त्या टिपक्याने!

टिपक्या म्हणजे आबांचा यंत्रमानव. पठारावरच्या सौर वेधशाळेतला डिजिटल कॅमेरा तोच सांभाळायचा. शाल्मली सुट्टीत एवढ्या लांबून आजोबांकडे आली, तर आबांच्या तोंडी सारखं टिपक्या आणि टिपक्या! तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

"माठ पक्का आहे का ते आपण वाजवून बघतो ना?" आबांनी तिला सांगितलं होतं. "सूर्यही असाच सतत घुमतो. त्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांत एकदा वर येऊन खाली जातो. ही सौरदोलनं (सूर्याचे हेलकावे). वर येणाऱ्या भागाचा प्रकाश कणभर निळसर होतो, खाली जाणाऱ्याचा तांबूस. आपल्याला नाही दिसत, कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून सूर्याच्या पोटातलं कळतं."

'मग पाच मिनिटांनी एकच फोटो पुरे की! टिपक्याला एवढंही सुचू नये?' आबा जेवायला गेल्यावर शाल्मलीने गुपचूप सेटिंग बदललं.

दुपारी टिपक्या किंचाळला, "आबा, सूर्य हलायचा थांबला!"

पडद्यावरची, सूर्याचे हेलकावे दाखवणारी नागमोडी रेषा जवळजवळ सपाट झाली होती.

"सूर्य कसला थांबतोय! तुझंच डोकं फिरलंय," आबा म्हणाले. "उद्या कारखान्यात पाठवतो."

"तिथे माझी स्मृती पुसतील, आबा?"

"बहुतेक."

शाल्मलीला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. एक फुटलीही. पण टिपक्या स्वतःच आपला चार्जर गुंडाळायला लागला, तसं तिच्याने राहवेना.

"आबा, डोकं माझं फिरलंय! फोटो मी पाच मिनिटांवर नेले."

"मग रेषा सपाट का झाली?" आबांनी विचारलं. शाल्मली सपाट रेषेकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, "झोका! समजा मी झोक्यावर आहे, आणि दर वेळी मी मागे गेले की तेव्हाच तुम्ही डोळे उघडता. मग मी तिथेच चिकटलेली दिसणार!"

"अगदी बरोबर!" आबांचा चेहरा खुलला. "म्हणून नमुना-अंतर (दोन फोटोंमधला वेळ) झोक्याच्या वेळेपेक्षा बरंच कमी हवं. पुढच्या वर्षी आपला कॅमेरा अवकाशात जाईल. तिथे ना ढग, ना रात्र! त्याचं नमुना-अंतर तू ठरव."

"आणि मी?" टिपक्याने हळूच विचारलं. "मी नको?"

तो रडवेला, जळका सूर शाल्मलीच्या चांगलाच ओळखीचा होता.

"दोघं मिळून ठरवू रे," ती म्हणाली. "पण बटण मी दाबणार!"