चालकांश

तळेगावजवळच्या शर्यतमार्गाला लागून असलेल्या गतिमापन प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी सामंत यांनी पडद्यावर दोन आकडे आणले, तसे भास्कर लोटलीकर खुर्ची ओढून जवळ बसले. तीस वर्षं त्यांनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या होत्या. शार्दूल खानविलकर आणि दौलत शिकलगार यांच्यात सरस कोण, हा देशभर दहा वर्षं चाललेला वाद या आकड्यांनी मिटणार होता. शार्दूलकडे सर्वांत वेगवान गाडी होती आणि सात अजिंक्यपदं. दौलतची गाडी कायम मागच्या रांगेतली. अजिंक्यपद एकही नाही.

"गाड्याच सारख्या नाहीत, मग तुलना कसली करतेस?" लोटलीकरांनी विचारलं.

"गाडी वजा करायची, सर. वळणावर टायर एका ठरावीक वेगापर्यंतच रस्ता धरून ठेवतात. ही पकडमर्यादा गाडीची. एकाच वळणावर शार्दूलच्या गाडीची ताशी दोनशे ऐंशी किलोमीटर असेल, तर दौलतच्या गाडीची दोनशे. पण त्या मर्यादेच्या किती जवळ जायचं, हे माणसाचं. त्याला मी चालकांश म्हणते. एकोणीस हजार वळणं तपासली. शार्दूल सत्त्याण्णव टक्के. दौलत साडेनव्व्याण्णव."

लोटलीकरांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचले. "बिचारा," ते म्हणाले. कोणाबद्दल, ते हेमांगीला कळलं नाही.

आकडे जाहीर झाले. महिन्याभरात शार्दूलच्या संघाने त्याला काढून दौलतला वेगवान गाडी दिली. शार्दूलला मिळाली ती दौलतची जुनी गाडी. जाण्याआधी तो प्रयोगशाळेत आला होता.

"डॉक्टर, ते तीन टक्के मी वाया घालवत नव्हतो," तो शांतपणे म्हणाला. "राखून ठेवत होतो."

हरलेला माणूस असंच बोलणार, असं तिला वाटलं.

नव्या गाडीत सरावाच्या तीन दिवसांत दौलतचा चालकांश सत्त्याण्णवच्या वर गेला नाही. आकडा फुगवलेला होता का, असं वर्तमानपत्रांनी विचारलं. शर्यतीच्या दिवशी मात्र तो पहिल्या फेरीपासून साडेनव्व्याण्णववर होता. चौथ्या फेरीत, आठव्या वळणावर, टायरांनी रस्ता सोडला. गाडी भिंतीवर गेली. दौलत वाचला, पण कमरेखालचं शरीर त्याला पुन्हा जाणवलं नाही.

हेमांगीने त्यानंतर सगळी मापनं पुन्हा काढली. तोवर दौलतच्या जुन्या गाडीत शार्दूलच्या चार शर्यती झाल्या होत्या. त्याचा चालकांश आता साडेनव्व्याण्णव होता. तिने यंत्र तपासलं, गणित तपासलं. चूक नव्हती.

"त्या गाडीत मर्यादा ओलांडली तर काय होतं?" लोटलीकरांनी तिला विचारलं. "दोन गिरक्या घेऊन गवतात जाते. रविवारी पुन्हा शर्यत. वेगवान गाडीत तेवढीच चूक झाली तर समोर भिंत. चूक जेवढी महाग, तेवढं अंतर माणूस आपोआप राखतो."

"म्हणजे मी माणसाचं म्हणून जे मोजलं, तेही गाडीचंच होतं."

"दोघं सारखेच होते, हेमांगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दौलतला भेटायला रुग्णालयात गेली. त्याचं बोलणं संथ झालं होतं. तिने काही न लपवता सगळं सांगितलं.

"मला सरावाच्या पहिल्याच फेरीत कळलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "त्या गाडीत ते वळण आलं की पाय आपसूक वर यायचा. तीन दिवस तसंच झालं. पण सगळे साडेनव्व्याण्णव बघायला आले होते. मग शर्यतीत दाबून धरला."

"मला फोन का नाही केलात?"

"काय सांगणार? तुमचं शास्त्र चुकलंय म्हणून? आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला सरस म्हटलं होतं."

मग त्यानेच विचारलं, "शार्दूलचा नवा आकडा लोकांना कळलाय?"

"यंत्रणा दर चार शर्यतींनंतर आपोआप जाहीर करते. गुरुवारीच झाला."

दौलतने उशाजवळचा रिमोट उचलून भिंतीवरचा टीव्ही लावला. शर्यत सुरू व्हायला काही मिनिटं होती. संघाने दौलतच्या जागी पुन्हा शार्दूलला घेतलं होतं, आणि निवेदक उत्साहाने सांगत होता की आजवरचा सर्वोच्च चालकांश आज पुन्हा सर्वांत वेगवान गाडीत बसतो आहे.

हेमांगीने घाईघाईने फोन लावला. पडद्यावर शार्दूल शिरस्त्राण चढवत होता. त्याचा फोन तिसऱ्याच कोणीतरी उचलला.

"शार्दूलना द्या. डॉक्टर सामंत बोलतेय. तो आकडा खोटा आहे."

"मॅडम, आता नाही देता येणार," तो माणूस म्हणाला. "गाड्या निघाल्या."