भरतीच्या दुपारी पाणी मागणारा

यातली फोनची एकही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. शिवकन्याच्या मोबाइलमधल्या कॉलच्या नोंदी पाहून प्रत्येक वेळ लिहिली आहे. बाकीचं तिने मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तेच, तसंच.

शिवकन्या माझी चुलतबहीण. माहेर परभणीजवळचं पिंगळी. नवरा बजरंग मुंबईपलीकडे उरणकडच्या बंदरात ट्रेलर चालवतो, म्हणून बिऱ्हाड तिथेच, खाडीकाठच्या चाळीत.

एक खोली. एक दार. एक गजांची खिडकी. वरच्या मजल्यावर घरमालकीण.

अमावास्येच्या दुपारी मोठी भरती आली की खाडीचं पाणी गटारातून उलटं गल्लीत शिरतं. गुडघाभर. जोतं उंच, म्हणून घरात येत नाही; पण दोन-तीन तास कोणी बाहेर पडत नाही.

गेल्या वर्षीचा पोळा. म्हणजे अमावास्याच.

बारा वाजून दहा मिनिटं. शिवकन्या आईशी, अंबाबाईंशी, फोनवर बोलत होती. अडीच वर्षांची अपेक्षा झोपली होती. गल्लीत पाणी चढत होतं.

"बैलं धुतली का गं?"

"धुतली की. शिंगं रंगवायलेत. तुझ्याकडं काय?"

"दारात पाणीच पाणी. अन् प्यायला एक दिवसाआड."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"माय... पाणी दे."

म्हातारा आवाज. घसा कोरडा.

गुडघाभर पाण्यातून माणूस चालत आला तर पाणी वाजायला हवं होतं. वाजलं नव्हतं.

"कोण गं?" आईने विचारलं.

"कोण की. पाणी मागायलंय."

"मग दे की! शहरात जाऊन लय शानी झालीस का? तहानेला माणूस दारातून तसाच गेला, आसं आपल्यात कदी झालंय का?"

शिवकन्याने गजांमधून स्टीलचा पेला पुढे केला. दाराच्या बाजूने एक हात आला. कोपरापर्यंत ओला. बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली... फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी.

पेला परत आला.

"अजून दे."

दुसरा दिला.

"अजून."

तिसरा पेला परत आलाच नाही.

"अजून दे, माय."

तिने तांब्या पिंपात घातला... आणि तो तळाला आपटला.

सकाळीच काठोकाठ भरलेलं पिंप. आत थेंब नव्हता.

शिवकन्याने आईचा फोन ठेवला, खिडकी लावून घेतली. बारा एकतीसला बजरंगला फोन केला. तो म्हणाला, "पाणी उतरल्याबिगर मला येता येत न्हाई. तू दार उघडू नको."

बारा चौतीसला घरमालकिणीला. शिवकन्या काही बोलायच्या आत पलीकडून प्रश्न आला.

"कोन पानी मागतंय काय गो?"

"व्हय."

"दिलास?"

"दिलं. तीन पेले."

"भरतीला दारात येल त्याला आमी पानी देत नाय. तुला सांगायचंच राह्यलं. आता ओहोटी लागेपर्यंत दार उघडू नको. काय पन बोलला तरी."

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

आणि अपेक्षा उठली.

"आई, पाणी."

घरात पाणी नव्हतं. दूध सकाळीच संपलं होतं. पोर रडायला लागली.

दारापलीकडून आवाज आला. अगदी मायेने.

"लेकरू तहानलंय. दार उघड. तू मला दिलंस... मी तिला देतो."

शिवकन्याने लोखंडी पेटी दाराला लावली आणि तिच्यावर हात दाबून दाराकडे तोंड करून बसली. पाठीमागे पलंगावर लेक रडत होती. पुढून तो आवाज.

"दार उघड."

एक वाजला. दीड वाजला. आवाज एकदाही चढला नाही.

मग तो थांबला...

त्याच क्षणी अपेक्षाचं रडणंही थांबलं.

शिवकन्या वळली. अपेक्षा दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत होती. स्टीलचा. परत न आलेला.

दार बंद. खिडकी बंद.

तिने पेला हिसकावला. उरलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

पावणेतीनला गल्ली मोकळी झाली. दुसऱ्याच दिवशी ती लेकीला घेऊन पिंगळीला गेली, ती तिथेच राहिली. डॉक्टरला पोरीत काही सापडलं नाही.

तेव्हापासून अमावास्येच्या दुपारी शिवकन्या दाराला आतून कडी लावते. पिंगळीत दिवसा कोणी कडी लावत नाही.

मागच्या अमावास्येला दारावर थाप पडली.

"काकू, पाणी द्या वं!"

येडबा नावाचा गल्लीतला मेंढपाळ होता, मेंढ्या घेऊन निघालेला. मेंढ्यांचा कालवा आत ऐकू येत होता. शिवकन्या कडीला पाठ लावून उभी राहिली.

"आगं, येडबाय त्यो!" अंबाबाई ओरडल्या. "उन्हातान्हात माणूस तहानेला हुबा हाय. सरक!"

ती सरकली नाही.

अपेक्षाने मात्र रांजणातून तांब्या भरला. दोन्ही हातांनी उचलला. एक थेंबही सांडू दिला नाही.

"बघ, लेकराला कळतंय," अंबाबाई म्हणाल्या.

पण अपेक्षा दाराकडे आली नाही.

ती आतल्या खोलीत गेली. तिथे कोणीच नव्हतं. त्या खोलीला दुसरं दारही नाही.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. तांब्या रिकामा होता. आत फरशी कोरडी होती.

आता अमावास्येला कडी लावायची की काढायची, असं शिवकन्या मला फोनवर विचारते.