पेंडीपुरती थांबणारी पेटी

इश्वरची सायकल शेताच्या धुऱ्यावरून घसरली ती थेट धुरपताच्या पायाशी! माणूस भाताच्या बांधीतल्या चिखलात, सायकल त्याच्या अंगावर... आणि कॅरिअरवरून सुटलेली हार्मोनियमची पेटी? ती धुरपतानं वरच्या वर झेलली होती, हातातल्या धानाच्या रोपांच्या पेंडीसकट.

अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण. एकोडीला त्या दिवशी धुरपताच्या घरचा भातलावणीचा रोवणा होता. वीस बाया ओणव्यानं धानाचे परे रोवत होत्या, गाणं रंगात आलं होतं आणि गाणारी होती धुरपता. सानगडीचा हा पेटीवाला दंडारीच्या, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळाच्या, तालमीला निघाला होता. मान वाकडी करून गाणं ऐकत सायकल हाणत होता. मग काय, व्हायचं तेच झालं.

"लागलं काय?" तिनं विचारलं.

"मले नाई. पेटीले लागलं काय ते पाह्य."

"पेटी बरी आहे. पन तुमची नजर कुठी होती?"

"कानाच्या मांगं गेली..." तो चिखलातूनच हसला.

बाया खिदळल्या. धुरपताचे गाल तापले.

पेटी मात्र बरी नव्हती. पेंडीचं चिखलपाणी आत शिरून मधली एक पट्टी मुकी झाली होती. हे कळलं तेव्हापासून धुरपताचा जीव टांगणीला लागला. कारण इश्वरचं वाजवणंच बदललं! दंडारीची तालीम तिच्या घराशेजारच्या देवळात चाले, त्यामुळे तिला सगळं ऐकू येई. पूर्वी कसा वाजवायचा तो! लाह्या फुटाव्यात तशी बोटं. गाणाऱ्याला श्वास घ्यायला फट ठेवायचा नाही. आता ओळ रंगात आली, की पेटी मध्येच क्षणभर गप्प.

दंडारीचे म्होरके गोमाजी वैतागले. "पेटी काहून अटकून राहिली बे? दिवाळीच्या मंडईले असंच वाजवशीन, त तुमसरचा पेटीवाला आनून बसवतो!"

इश्वर नुसता हसायचा. धुरपताला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. आपण गायलो म्हणून तो पडला, तो पडला म्हणून पेटी बिघडली. आणि तुमसरचा बसला, तर हा एकोडीला कशाला येईल? हा विचार आला आणि ती चरकलीच. अगं बाई... म्हणजे आपण पेटीसाठी झुरत नव्हतोच तर!

दिवाळी सरली, एकोडीची मंडई, गावची जत्रा, भरली. पाळणे, चिवडा, पाहुण्यारावळ्यांची ही गर्दी! भर दुपारी, दंडार सुरू व्हायच्या आधी, तिनं त्याला चिंचेखाली गाठलं.

"पेटी दुरुस्त काहून नाई केली तुमी?"

"केली न! पोळ्यालेच केली, तुमसरले जाऊन."

"मंग मधातच थांबता कायले?"

इश्वरनं तिच्याकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तू रोवता रोवता गात होती... एक पेंडी सरली, का थांबायची. दुसरी सोडायची, मंग ओळ उचलायची. सात साल मी भरभर वाजवलं, धुरपता, लोकायनं माहा हात पाहावा म्हनून. त्या दिवशी पयल्यांदा वाटलं, कोनाची तरी वाट पाहात वाजवावं."

तिच्या छातीत ढोलकीच सुरू झाली. "आन् गोमाजीनं काढलं त?"

"काढू दे. आता मांगच्यासारखं वाजवाले बोटंच आयकत नाईत."

दंडार रंगली. आणि ऐन रंगात... पेटी थांबली! गर्दीत कुजबुज झाली, गोमाजींनी कपाळावर हात मारला. धुरपताला राहवलं नाही. बायकांच्या घोळक्यातून तिनं रोवण्याची ओळ उचलली, खणखणीत, सगळ्या मंडईदेखत! शेजारच्या शकुनबाईनं ती धरली, मग रोवण्यातल्या साऱ्याजणींनी. इश्वरची बोटं त्या सुरामागून अशी धावली, की माणसं उठून उभी राहिली. "वन्स मोर!" ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज गोमाजींचा होता.

दंडार सुटल्यावर इश्वर तिच्यासमोर आला.

"गावभर झालं आता. माय-बापाले कधी पाठवू तुह्या घरी?"

धुरपतानं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. तो थांबला. अगदी पेंडीभर थांबला.

"उद्याच..." ती म्हणाली आणि पळता पळता मागं वळली. "पन सडकेनं पाठवा. धुऱ्यावरून नोको!"