धाबं राखणाऱ्याची जागा

फजरच्या नमाजानंतर पाखरांना मूठभर गहू टाकल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. त्या सकाळी गहू टाकले, पण एकही पाखरू उतरलं नाही. आभाळ ओल्या लोकरीसारखं खाली आलं होतं. बर्फाचं वादळ दुपारपर्यंत पोचेल, हे रेडिओनं सांगण्याआधीच गावाला कळलं होतं.

"धाब्यावर रूळ मी फिरवतो," माझा नवरा हेमिन म्हणाला. "तू घरातलं बघ. पोरांना पायात येऊ देऊ नकोस."

नवरा न सांगता काम अंगावर घेतो तेव्हा बायकोनं हसावं की काळजी करावी? मी हसले.

आमचं गाव डोंगराला पायऱ्यांसारखं चिकटलेलं आहे. खालच्याचं धाबं ते वरच्याचं अंगण. आमचं घर सगळ्यात वर, त्यामुळे आमच्या डोक्यावर कुणाचा वावर नसतो. मातीचं धाबं बर्फाआधी दगडी रुळानं घट्ट दाबलं नाही, तर माती पाणी पिते, फुगते आणि तुळयांसकट खाली बसते. मागच्या हिवाळ्यात खालच्या आळीत तसं झालं, तेव्हा आत लेकरं निजली होती. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मी तंदुरात रोट्या लावत होते. थोरली शिलान खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबत होती. धाकटा झानियार गोठ्यातून अक्रोड आणायच्या नावाखाली खिसे भरत होता. चौरंगाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, वरून मोठी गोधडी पसरली. चारी बाजूंनी पाय आत घालून बसायचं. वादळात घर म्हणजे एवढंच. दारापासून गोठ्यापर्यंत दोरी तेवढी बांधायची राहिली होती. वादळात माणूस आपल्याच अंगणात वाट चुकतो, म्हणून ती लागते. दोरी हेमिन बांधणार होता.

मग वरून रुळाचा आवाज आला. घर्र, घर्र, सावकाश. साण्यातून, धाब्याला ठेवलेल्या धुराच्या भोकातून, माती झिरपून कणकेत पडली.

आमच्याकडं बायका खालून म्हणतात तसं मी साण्याखाली जाऊन म्हटलं, "हात शिणू नयेत. ज्यानं धाबं राखलं, त्याची चौरंगाशी जागा, बर्फ वितळेपर्यंत."

दरवर्षी हेमिन वरून ओरडतो, "जागा राहू दे, मध लावून रोटी पाठव." आज नुसती रुळाच्या दांड्याची ठकठक झाली.

"बाबा रुसलाय?" शिलाननं विचारलं.

"वारा आहे गं. तोंड उघडलं तर दात गारठतील."

तिनं शिडीवर चढून चहाचा पेला आणि साखरेचा खडा साण्याच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं ती ते घेऊन उतरली. पेला रिकामा होता, इतका गार की बोटाला चिकटत होता. साखरेचा खडा तसाच होता. हेमिन गोड असल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही. घाई असेल, असं मी मनाला सांगितलं.

तेवढ्यात झानियार आत आला. त्याचा गाल फुगलेला होता.

"काय आहे तोंडात?"

"खडीसाखर. बाबानं दिली."

"कधी?"

"गेला तेव्हा." त्यानं लाळ गिळली. "खेचर नेलं. पेटी पण. आईला संध्याकाळपर्यंत सांगू नको म्हणाला. संध्याकाळ झाली का, आई?"

डोक्यावर रूळ फिरतच होता.

मी कोनाडा पाहिला. वस्तरा नव्हता, कागदपत्रं नव्हती, ईदचा फेटा नव्हता. दाराआडची खुंटीही मोकळी होती. पेटी बांधायला त्यानं गोठ्याची दोरीसुद्धा नेली होती.

बर्फ सुरू झाला तेव्हा दारात धाकटा दीर लुक्मान उभा राहिला. हातात दोरीचं भेंडोळं.

"वहिनी, ही घ्या. लागेल तुम्हाला."

"आमची दोरी गेलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊजी?"

तो बुटांकडं पाहू लागला. "सनंदज शहरात दुसऱ्या बाईशी घर केलंय त्यानं. तिला मुलगीही आहे. मी म्हटलं, वादळ होऊन जाऊ दे, मग सांगू."

"म्हणजे गावाला ठाऊक होतं."

"पुरुषांना," तो म्हणाला.

मग त्यानं मान वर केली. "वर कोण आहे?"

"मला वाटलं, तुम्हीच."

तो अंगणात जाऊन वर पाहून आला, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"वहिनी, पोरांना घ्या. आमच्याकडं चला."

"काय दिसलं?"

"रूळ फिरतोय," एवढंच तो म्हणाला.

अंगणापलीकडची पायवाट तोवर नाहीशी झाली होती. लेकरांना घेऊन त्यात उतरायची माझी छाती झाली नाही. "वारा ओसरला की येतो," म्हणत तो भिंत चाचपत एकटाच गेला. तो आला नाही.

दुपारीच काळोख झाला. तुळया करकरू लागल्या की वरून बर्फ लोटल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा घर्र, घर्र. तुळया गप्प व्हायच्या. आम्ही तिघं चौरंगाच्या तीन बाजूंना बसलो होतो.

झानियारनं पाय आखडून घेतले.

"त्या बाजूचे पाय गार आहेत," तो म्हणाला.

शिलाननं माझ्याकडं पाहिलं. तिनं गोधडीत हात घातला आणि निखारे चौथ्या बाजूला सारले.

शब्द मी दिला होता, नमाजासाठी वजू करून धुतलेल्या तोंडानं. ह्या घरात दिलेला शब्द आणखी कुणी मोडायचा राहिला होता?

मी चौथी वाटी मांडली.

वादळ निवळलं तेव्हा लुक्मानचा गोठा बसलेला होता. आमचं धाबं काळंभोर, गुळगुळीत होतं. त्यावर रुळाचे पट्टे होते. पावलं नव्हती.

उताराचा बर्फ अजून वितळायचा होता, तेव्हा हेमिन आला. धाबी पडल्याचं त्याच्या कानावर गेलं असावं. दारातून त्यानं आम्हाला एकेक करून पाहिलं.

"आहात सगळे," तो म्हणाला. त्यात आनंद होता की नाही, मला कळलं नाही. त्यानं झानियारपुढं खडीसाखर धरली.

झानियारनं ती घेतली नाही. तो चौथ्या बाजूकडं वळला आणि हळूच म्हणाला, "बाबा, ह्याला आत घेऊ?"

चौरंगाखालून ठकठक झाली.

शिलान उठली. तिनं दार लावलं, कडी घातली.

चौथ्या बाजूची गोधडी, आतून कुणी उठून गेल्यासारखी, सावकाश खाली बसली.

बाहेर हेमिनची पावलं माघारी वळल्याचा आवाज आला नाही.

मग निरभ्र आभाळाखाली, आमच्या डोक्यावर, रूळ फिरू लागला. नेहमीपेक्षा जड.

धाबं राखणाऱ्याची वाटी गार होऊ नये म्हणून मी ती निखाऱ्याजवळ सरकवली.