वाल्देनेब्राची किल्ली

बसमधून उतरल्याबरोबर ओलायाचा नवा कोरा बूट मेंढ्यांच्या लेंड्यांत रुतला, आणि ती “आई गं!” म्हणते न म्हणते तोच पाठीमागे असा काही हॉर्न वाजला, की तिच्या हातातली फाइल उडून रस्त्याकडेच्या लाल रानफुलांत जाऊन पडली.

पांढऱ्या व्हॅनच्या खिडकीतून एक पिठाळलेलं डोकं बाहेर आलं. “घाबरलात का हो? हॉर्न तुमच्यासाठी नव्हता. गावातल्या म्हाताऱ्यांना पाव आल्याचं कळावं म्हणून वाजवतो. त्यांना ऐकू कमी येतं.”

“मला चांगलं येत होतं,” ओलाया कान चोळत म्हणाली. “आता मलाही कमी येईल!”

तो हसला. आधी डोळे हसले, ओठ मागाहून आले. खाली उतरून त्यानं फाइल उचलली, पिठाच्या हातांनी झटकली आणि आणखीच पांढरी करून तिच्या हातात दिली. “मी ब्लास. इथल्या सात गावांचा पाववाला. तुम्ही?”

“ओलाया. सुट्टीवर आलेय. संग्रहालयं बघत फिरतेय... सहज.”

खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. तिनं पटकन केस पुढे ओढले. सुट्टी कसली न् काय! प्रांताच्या कचेरीनं तिला गुपचूप धाडलं होतं. कास्तिया प्रदेशातल्या या माळावर गावोगावी छोटी संग्रहालयं होती. दारावर लिहिलेल्या वेळेत ती खरंच उघडी असतात का, ते बघायचं आणि ओळख न देता परत फिरायचं. कुलूप दिसलं, की यादीतून नाव गेलं. यादीतून गेलेल्या संग्रहालयातल्या वस्तू प्रांताच्या ताब्यात जात.

वाल्देनेब्राच्या संग्रहालयाला भलंमोठं कुलूप होतं. वर पाटी – ‘मंगळवार, अकरा ते पाच. किल्ली दोमितिलाकडे.’ आज मंगळवारच होता. दोमितिलाच्या दारावर ओलायानं चारदा टकटक केलं. हूं नाही की चूं नाही.

“दोमितिला मावशी फुएंतेरोहाला केस कापायला गेल्यात,” मागून ब्लास म्हणाला. “मी तिकडेच निघालोय. चला, गाठू त्यांना!”

फाइल काढावी, ‘बंद’ लिहावं आणि सहाच्या बसची वाट बघत बसावं, एवढंच खरं तर तिचं काम होतं. पण त्यानं व्हॅनचं दार उघडलं, आतून ताज्या पावाचा असा काही वास आला... आणि तो दार धरून उभाही असा राहिला होता, जसं काही ती येणार हे ठरलेलंच आहे.

ती बसली.

दोन्ही बाजूंना हिरवागार गहू वाऱ्यावर लोळत होता. ब्लासनं एका हातानं पावाचा कुरकुरीत कोपरा मोडून तिच्यापुढे धरला.

“गिऱ्हाइकाचा पाव मला देताय?”

“रेमेदियोस आजीचा आहे. तिला दात नाहीत, कोपरा ती माझ्याचसाठी ठेवते.”

“म्हणजे हा तुमचा वाटा?”

“हो. आणि मी तो कुणाला देत नाही,” तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

ओलायानं तो कोपरा कण न् कण संपवला. भूक असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

फुएंतेरोहात न्हाव्याच्या बाईनं खांदे उडवले. “दोमितिला? आत्ताच तोरेसेकाला बहिणीकडे गेली की!” तिनं ब्लासकडे जरा जास्तच टक लावून पाहिलं, पण ओलायाच्या ते ध्यानात आलं नाही. कारण ब्लास तिच्या कानाशी पुटपुटत होता, “आलोच आहोत, तर मेंढपाळांचं संग्रहालय बघून घ्या. तुम्ही सुट्टीवरच आहात ना?”

तिथे छताला मेंढ्यांच्या गळ्यातल्या शेकडो घंटा टांगलेल्या. ब्लास एकेक वाजवत सांगत होता, ही म्होरक्या मेंढ्याची, ही चुकारीची, ही नुकत्याच व्यालेलीची. ओलायानंही एक वाजवली. खण्‌कन असा बेसूर आवाज निघाला, की दोघंही पोट धरून हसत सुटले.

“ही कुणाची?”

“ही हरवलेलीची. एकटीच फिरते, विचारलं की म्हणते मी सुट्टीवर आहे.”

“आणि तिच्यामागे भुंकत फिरतो तो कोण?”

“अरे वा! आवाज बारीक, पण चावा चांगला आहे की!”

वाटेतल्या गावांत पाव वाटत तोरेसेकात पोचेतो दुपार कलली आणि सरीनं गाठलं. डोक्यावर पावाची रिकामी टोपली धरून दोघं धावत सुटले ते जुन्या शाळेत शिरले. तेही संग्रहालयच – दौती, नकाशे, आणि पोरांची इवलीशी बाकं. बहिणीच्या घराला कुलूपच होतं म्हणा, पण दोमितिलाची आठवण आता कुणाला होती! दोघं एका बाकावर कसेबसे दाटीवाटीनं बसले. पाव मोडला, लाल सॉसेज कापलं. खिडकीवर पाऊस वाजत होता. तिच्या ओल्या कोपराला त्याचा कोपर लागला... आणि कुणीच हलवला नाही.

“ओलाया,” तो हळूच म्हणाला, “तू... म्हणजे, तुम्ही –”

“तूच म्हण.”

“तू परत कधी येशील?”

तिनं हातातला पाव खाली ठेवला. फाइल मांडीवर होती. संध्याकाळी ती त्यात एक शब्द लिहिणार होती आणि या माणसाच्या गावावर रेघ मारणार होती. सांगून टाकावं का? आत्ताच्या आत्ता?

बाहेर पाववाल्याची वाट बघून कंटाळलेली एक म्हातारी छत्री झटकत आत आली आणि बहिऱ्या माणसांच्या खणखणीत आवाजात ओरडली, “काय रे ब्लास! हीच का ती कचेरीवाली? दोमितिलाचा फोन होता! पाचपर्यंत हिला गावात येऊ देऊ नकोस म्हणाली! साडेचार झालेत, अर्धा तास आणखी काढ!”

खिडकीवरचा पाऊसही तेवढ्यात थांबला. मेला!

ओलाया सावकाश उठली. “तुम्हाला माहीत होतं?”

“तुझ्या बसच्या ड्रायव्हरनंच फोन केला होता,” ब्लास मान खाली घालून म्हणाला. “चकचकीत बूट आणि फाइल... ओलाया, ऐकून तर घे –”

“किल्ली कुठंय?”

त्यानं शर्टाच्या खिशातून वीतभर लांबीची लोखंडी किल्ली काढली. सकाळपासून ती त्याच्या छातीशी होती.

“मला गावोगाव हिंडवलंस! घंटा काय, बाकं काय... सगळं नाटक!”

“आणि तुझी सुट्टी?” आता त्याचाही पारा चढला. “एकतीस वर्षांपूर्वी अशीच कचेरीची एक गोड बोलणारी बाई आली होती. आमची ओंबीची माता, आठशे वर्षांची लाकडी मूर्ती, वाळवी काढायला नेते म्हणाली. दोन महिन्यांत परत देते म्हणाली! अजून येतेय. दर मे महिन्यात आम्ही रिकामी पालखी मिरवतो. मग तुला दार उघडायचं? आणखी काय न्यायला?”

ओलायाचा राग कुठल्या कुठे पळाला. “अरे देवा... ब्लास, उलटंच होणार आहे सगळं! आज दार बंद राहिलं, तर उरलेलंही जाणार! बंद संग्रहालयातल्या वस्तू प्रांत घेऊन जातो. मी सांगायला नको होतं, पण... पाच वाजायच्या आत ते उघडायला हवं!”

ब्लासनं किल्ली परत खिशात टाकली. मग त्यानं तिचा हात धरला आणि दोघं पळत सुटले.

व्हॅन अशी उधळली, की मागचे पाव टोपल्यांतून उड्या मारायला लागले. वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा. ब्लास हॉर्नवर हात ठेवूनच बसला. ओलायानं खाली उडी मारली आणि नवे बूट, लेंड्या, कशाचाही विचार न करता हात पसरून मेंढ्यांना “हो! हो!” करत शेतात वळवलं. मेंढपाळ तोंड उघडं टाकून बघत राहिला.

चार पन्नासला ते वाल्देनेब्रात शिरले. संग्रहालयाच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून एक बुटकी म्हातारी बसली होती. केसांना कुणी कात्री लावलेली दिसत नव्हती.

“मावशी, उठा. दार उघडायचंय,” ब्लास धापा टाकत म्हणाला.

“माझा जीव गेल्यावर उघड! तुला हिला लांब ठेवायला सांगितलं होतं, का डोळे मिटून हिच्या मागे यायला?”

“मावशी, बंद राहिलं तर सगळंच जाईल!”

“तीही असंच गोड बोलायची.” दोमितिला मावशीनं ओलायाकडे बोट रोखलं. “दिसायलाही अशीच होती.”

ओलाया तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. गोड बोलून चालणार नाही, हे तिला कळलं होतं. “मावशी, मूर्ती नेताना तिनं कागद दिला होता का?”

“दिला होता. सहीशिक्क्याचा. देव्हाऱ्यात ठेवलाय मी तो.”

“मग तो देव्हाऱ्यात नको. आत भिंतीवर लावा, सगळ्यात पुढे. उघड्या संग्रहालयाला आपली वस्तू परत मागता येते. बंद पडलेल्यासाठी कोण मागणार? मी किल्लीला हात लावू शकत नाही, कुलूपही उघडू शकत नाही. ते तुम्हीच करायला हवं. मी फक्त बघणार... आणि काहीएक नेणार नाही. शपथेवर सांगते.”

म्हातारी बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. चार सत्तावन्न. चार अठ्ठावन्न. ब्लासचा श्वास ओलायाला ऐकू येत होता.

“हिचे कान लाल झालेत की नाही रे, बघ,” मावशी अचानक म्हणाली. “सकाळी मी पडद्याआडून बघत होते. खोटं बोलताना झाले होते.”

ब्लासनं ओलायाच्या कानावरचे ओले केस हळूच मागे सारले. जरा जास्तच वेळ लावला त्यानं. “नाहीत, मावशी.”

दोमितिला उठली आणि तिनं ब्लासकडून किल्ली घेतली. कुलूप कुरकुरलं, दार उघडलं, आणि वरती घंटाघरात पाचाचे टोले पडू लागले.

आत नांगर होते, माग होता, आणि मधोमध लाकडी पालखी. पालखीत मूर्ती नव्हती. तिच्या जागी कुणीतरी नुकत्याच कापलेल्या गव्हाच्या हिरव्या ओंब्या ठेवल्या होत्या. ओलायाचे डोळे भरून आले. तिनं फोन काढला, ‘वाल्देनेब्रा – उघडं’ एवढंच लिहिलं आणि लगेच पाठवून दिलं.

गावकऱ्यांचा गलका सुरू झाला. ती गुपचूप बाहेर आली. ब्लास पायरीवर बसला होता.

“एक खरं सांगू?” तो म्हणाला. “मावशीचा हुकूम फक्त फुएंतेरोहापर्यंत होता. तिथल्या खाणावळीत बसव, खाऊ घाल, पाच वाजव. तोरेसेका... ते माझ्या मनानं. तू अजून थोडा वेळ शेजारी बसावीस म्हणून. न्हाव्याच्या बाईला मीच खूण केली होती.”

ओलाया हसली, रडली, काय झालं तिलाच कळलं नाही. “मीही एक सांगते. आमचा नियम आहे. दार ठोठावायचं, दहा मिनिटं थांबायचं, ‘बंद’ लिहायचं आणि संपलं. किल्लीमागे जायचं नसतं. मी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनीच मोकळी झाले होते, ब्लास.”

“मग व्हॅनमध्ये कशाला बसलीस?”

“तू दार धरून उभा होतास म्हणून.”

सहाची बस आली. ड्रायव्हरनं वाट बघितली, दोनदा हाक मारली, मग पायरीवरच्या त्या दोघांकडे एकवार नीट पाहिलं आणि गाडी हाकली.