मान्यतेचा शिक्का

भर दुपारी, चढावरच रुग्णवाहिकेचे इंजिन जाम झाले. आतील रोग्याला दुसऱ्या वाहनात हलवावे लागले. दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. त्या गाडीत आदल्याच दिवशी मिस्त्रीने नवे ऑइल भरले होते. विमा कंपनीच्या पाहणी अधिकारी बाई गॅरेजात पोहोचल्या, तेव्हा रुग्णवाहिकेच्या चालकाने मिस्त्रीची गचांडी धरलेली होती.

"बनावट ऑइल घातलंस ना?"

"हात काढ आधी! ऑइल मेहुण्याच्या दुकानातलं आहे."

बाईंनी दोघांना विलग केले. दोष मिस्त्रीचा ठरता, तर गॅरेजला टाळे आणि त्याला तुरुंगाची हवा अटळ होती. त्याची पत्नी दारातच थिजून उभी होती; कारण मेहुणा म्हणजे तिचाच पाठचा भाऊ.

इतक्यात मेहुणा स्वतःच अवतरला. काखेत सीलबंद कॅन.

"मॅडम, माझा माल हा असा असतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मान्यतेचा शिक्का बघा. आता हा बघा!" त्याने कोपऱ्यातील त्याच ब्रँडचा दुसरा कॅन उचलला. "शिक्का कुठंय? नुसतं लिहिलंय, 'निकषांनुसार योग्य'. दाजी, स्वस्ताच्या नादी लागलात आणि वर माझ्या नावानं खडे फोडताय?"

"तो मी आज ऑइल कंपनीच्या डेपोतून आणलाय. तुझ्या मालाशी ताडून बघायला."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

बाईंनी शांतपणे विचारले, "तुमचा माल ताजा आहे?"

"याच महिन्याचा. तारीख छापलीय की!"

"कुठून आला?"

"थेट ऑइल कंपनीतून."

बाईंनी बाहेर जाऊन ऑइल कंपनीला दूरध्वनी केला. परतल्या, तेव्हा त्यांची नजर धारदार झाली होती.

"ऑइल कंपनीनं ही मान्यता गेल्या वर्षीच सोडली."

"का?" चालक गुरगुरला. "लाज सोडली म्हणून?"

"खर्चापायी. गाड्या बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे शुल्क भरा, चाचण्या करा. मिश्रणात जरा फरक केला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी भुर्दंड गिऱ्हाइकालाच. म्हणून निकष पाळतो म्हणतात, पण शिक्का घेत नाहीत."

"म्हणतात! आणि आपण ऐकायचं?"

"त्यांचा शब्द खरा की खोटा, हे प्रयोगशाळा ठरवील. पण शिक्क्याचं उत्तर आत्ताच मिळतं." बाई मेहुण्याकडे वळल्या. "नक्कल करणाऱ्यानं जुना कॅन समोर ठेवला आणि तारीख नवी छापली. जो शिक्का कंपनीच छापत नाही, तो या महिन्याच्या मालावर कुठून आला? आणि तुमच्या दुकानाला कंपनी माल पाठवतच नाही, हेही कळलं."

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो बहिणीकडे धावला.

"ताई, बोल ना काहीतरी!"

"बोलते." ती बाईंकडे वळली. "मॅडम, याच्या दुकानामागच्या खोलीत जळक्या ऑइलची पिंपं आहेत. मला वाटायचं, भंगारात विकतो. चावी याच्या कमरेला आहे."

"ताई!"

"ह्यांना तुरुंगात धाडताना ताई आठवली नाही?"

मेहुण्याने चावी मुठीत घट्ट आवळली. चालकाने पुढे होऊन एकेक बोट उलगडले.